सातव्या दिवशी दारात कोण?

मेरीलँडमध्ये गेली बारा वर्षं मी बाळंतिणींच्या घरी जाते. सुरुवात माझ्याच बाळंतपणाने झाली.

१. घरी सोडलं म्हणजे बाळंतीण सुटली असं नाही. मला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. पुढची तपासणी थेट सहा आठवड्यांनी. सातव्या दिवशी डोकं ठणकू लागलं. फोन केला, तर झोप होत नसेल, गोळी घ्या, म्हणाले. आई वर्ध्याहून आली होती. डिंक तळता तळता माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘तोंड कशानं सुजलं गं? अंगठी काढ बरं.’’ अंगठी निघेना. आईने तशीच कढई उतरवली आणि जावयाला गाडी काढायला लावली. रक्तदाब १७०/११० निघाला. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याचा विकार, बाळंतपणानंतरही होतो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

२. खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, धाप, ताप, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव. यातलं काहीही झालं, तर डॉक्टरांना आधी ‘मला बाळंत होऊन इतके दिवस झाले’ हे सांगा, मग बाकीचं.

३. आईचं सगळंच ऐकलं नाही. पाणी कमी पी म्हणायची. मी भरपूर प्यायले.

४. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे पती-पत्नी इथल्याच बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकले आणि गडचिरोलीला गेले. गावातल्या बायांना त्यांनी आरोग्यदूत केलं. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही द्यायच्या. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याच धर्तीवर आज भारतात दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जायचं असतं. सातवा दिवस त्यात आहे. हे वाचलं त्या रात्री मी रडले.

५. अमेरिकेत २०१७ ते २०१९ मधल्या मातामृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक बाळंतपणाचा पहिला आठवडा उलटल्यावर, वर्षभरात झाले. ८० टक्क्यांहून अधिक टाळता आले असते. कृष्णवर्णीय बायका गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट प्रमाणात दगावतात. त्यांचं दुखणं लवकर खरं मानलं जात नाही, हे मी घरोघरी ऐकलं आहे.

६. भेटीची वेळ बाळंतिणीच्या सोयीची हवी, कारण ती घरी असेलच असं नाही. इथला १९९३चा रजेचा कायदा बारा आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी, आणि लहान कंपन्यांना तो लागूच नाही. एका घरी बाराव्या दिवशी गेले. आपल्याकडे त्या दिवशी बारसं असतं. बाळ आजीच्या मांडीवर होतं, आई कामावर. त्या दिवसापासून मी आधी शिफ्ट कधी सुटते ते विचारते, आणि रात्रीचे दहा झाले तरी तेव्हाच जाते.