शिबिर संपलं, ओटा आहेच

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "आता हे सोडायचं नाही." उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा चार आठवड्यांचा बेसिक कोर्स असो की जिल्ह्याच्या मैदानावर भरलेला दहा दिवसांचा वर्ग, परतताना छाती भरून आलेली असते आणि पाय हलके झालेले असतात. पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन तासभर चढलं तरी गप्पा मारता येतात. मग बस पांढरकवड्याला येते, तिथून झरी जामणीची गाडी. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला शिट्टी वाजत नाही. वावरात काम असतं, नाहीतर दुकान उघडायचं असतं, आणि रस्त्यावर एकट्याने पळताना लोक बघतात. महिन्याभरात ग्रुपवर फक्त सुप्रभातचे फोटो उरतात.

माझ्या पहिल्या शिबिरानंतर असंच झालं. दोन-अडीच महिन्यांनी माहूरला दत्तशिखरावर चढलो आणि मध्येच कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. शिबिरात हाच चढ मी दोनदा सलग केला असता. म्हणून हे लिहितोय ते ज्यांचं शिबिर नुकतंच संपलंय त्यांच्यासाठी. पहिले तीन आठवडे फार महत्त्वाचे असतात.

त्याचं कारण शरीरात आहे. व्यायाम पूर्ण थांबला की सगळ्यात आधी रक्तातलं पाणी कमी होतं. हृदय एका ठोक्याला पूर्वीइतकं रक्त ढकलू शकत नाही, म्हणून त्याच चढाला ठोके जास्त पडतात आणि धाप लागते. दोन-तीन आठवड्यांत दम उतरल्याचं स्वतःला जाणवतं. पायांची ताकद मात्र त्यामानाने हळू उतरते, आणि फसगत नेमकी इथेच होते. मांड्या अजून घट्ट लागतात, म्हणून वाटतं आपण तयारीत आहोत. चढ लागला की छाती साथ देत नाही.

आता चांगली बातमी. मिळवलेलं टिकवायला ते मिळवताना लागले तेवढे कष्ट लागत नाहीत. अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन या शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला याचे प्रयोग केले. माणसांना दहा आठवडे, आठवड्यातले सहा दिवस, रोज 40 मिनिटं कसून व्यायाम दिला. मग काहींचे दिवस कमी केले, काहींची मिनिटं, काहींचा जोर. सहाचे दोन दिवस केले तरी पुढचे 15 आठवडे दम जवळजवळ तसाच राहिला. 40 मिनिटांची 13 मिनिटं केली तरी शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकली, फक्त लांब पल्ल्याचा चिवटपणा थोडा घसरला. पण जोर कमी केला, म्हणजे दिवस आणि मिनिटं तीच ठेवून व्यायाम सौम्य केला, तेव्हा दम खाली आला.

आपण नेमकं उलटं करतो. घरी आल्यावर रोज संध्याकाळी गप्पा मारत फाट्यापर्यंत फिरून येतो आणि समाधान मानतो. फिरणं चांगलंच आहे, तब्येतीला ते हवंच. पण डोंगर चढायचा दम त्याने राहत नाही. त्यासाठी आठवड्यातून दोनदा तरी असा व्यायाम हवा की मधली पाच-दहा मिनिटं एक पूर्ण वाक्य बोलता येऊ नये. पाच दिवस कमी केले तरी चालेल, हे दोन दिवस कमी करू नका. आणि ते दोन दिवस ठरलेलेच असू द्या. आठवडी बाजाराचा वार कुणाला आठवण करून द्यावा लागत नाही, पाऊस असला तरी बाजार भरतो. तसा तुमचा वार ठरवा आणि घरच्यांना सांगून ठेवा. सांगितलं की त्या सकाळी पाणी भरायचं, दूध आणायचं काम कुणीतरी दुसरं करतं.

हे सगळं कुठे करायचं, हा झरी जामणीतला खरा प्रश्न. पुण्याच्या माणसाला सिंहगड आहे, नाशिकच्या माणसाला पांडवलेणी आहेत. आपल्याकडे सागवानाच्या बुटक्या टेकड्या, पांदण रस्ते, वावराचे धुरे आणि दक्षिणेला पैनगंगा. चढ थोडके, आणि जे आहेत ते जंगलात. उन्हाळा सांगतो की पहाटे निघा, कारण मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि नऊ वाजता रस्ता तापलेला असतो. जंगल सांगतं की पहाटे येऊ नका. टिपेश्वर अभयारण्य शेजारच्याच तालुक्यात आहे, 148 चौरस किलोमीटरचं, आणि तिथले वाघ नकाशावरची रेघ बघून फिरत नाहीत. तिथला एक तरुण वाघ 2019 च्या जूनमध्ये निघाला आणि तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. आपल्या भागात वाघ दिसणं ही बातमी राहिलेली नाही. माणसं दगावली आहेत, जनावरं रोज जातात.

म्हणून इथला नियम मी असा करतो. तांबडं फुटायच्या वेळी आणि दिवस मावळायच्या वेळी टेकडीवर जायचं नाही, कितीही मोह झाला तरी. मोहफुलं वेचायच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, जंगलाच्या कडेलाही एकट्याने जाऊ नये. पहाटेचा व्यायाम वस्तीत करायचा: शाळेचं मैदान, गावातला डांबरी रस्ता, देवळाच्या पायऱ्या. टेकडी फक्त हिवाळ्यात, ऊन चांगलं वर आल्यावर, चौघं मिळून, बोलत-आवाज करत. कानात गाणी नकोत. वाटेवर कोलामांचं पोड (वस्ती) लागलं तर थांबून विचारा, कालपरवा काय दिसलं ते. त्यांच्याइतकी ताजी खबर कुणाकडे नसते. त्यांनी "नका जाऊ" म्हटलं तर त्याच पायी परत फिरा.

मग चढाचं काय? चढ घरात आहे. ओटा मोजा. खरंच टेप घेऊन मोजा. माझ्या घरासमोरचा ओटा 30 सेंटिमीटर उंच आहे. त्यावर एकदा चढलो म्हणजे 30 सेंटिमीटर, हजार वेळा चढलो म्हणजे 300 मीटर. बारी गावातून 1646 मीटरच्या कळसूबाईला साधारण 900 मीटरची चढाई होते, म्हणजे माझ्या ओट्याच्या तीन हजार पायऱ्या. एका दिवशी तीन हजार करायची गरज नाही. रविवारी हजार करा, शंभर-शंभरच्या दहा फेऱ्यांत. एका फेरीत उजवा पाय आधी, पुढच्या फेरीत डावा. ज्वारीचे दहा दाणे ओट्याच्या कडेला ठेवा, फेरी झाली की एक दाणा बाजूला करा. आकडे डोक्यात ठेवले की सहाव्या फेरीनंतर हमखास चुकतात.

खाली उतरताना घाई करू नका, सगळी गोम तिथे आहे. टोंगळे दुखतात ते बहुतेक वेळा उतरताना. शरीराचं वजन मांडीने झेलत, तीन मोजत, पाय हळू जमिनीला लावा. पहिल्या दिवशी असं उतरलात की दोन दिवस जिना उतरताना मांड्या बोंबलतील. पुढच्या आठवड्यात तेवढं दुखणार नाही. मांसपेशी उतार शिकतात आणि ते शिकणं काही आठवडे टिकतं. म्हणून ट्रेकच्या पंधरा दिवस आधी ही उतरण झालेली हवी, आदल्या दिवशी नव्हे. मात्र सांध्याच्या आत टोचल्यासारखं दुखत असेल किंवा टोंगळ्याला सूज असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

दुसऱ्या ठरलेल्या दिवशी रस्ता. दहा मिनिटं सावकाश चालून अंग गरम करायचं, मग तीन मिनिटं जोरात पळायचं किंवा झपाझप चालायचं, दोन मिनिटं सावकाश, असं पाच वेळा. अर्ध्या-पाऊण तासात सगळं उरकतं. उरलेल्या दिवसांत जमेल तसे दंड, बैठका, सूर्यनमस्कार. दंड-बैठकांना मी नवीन व्यायामापेक्षा जास्त मानतो. त्यांना जागा लागत नाही, साहित्य लागत नाही, आणि चुकलं तर घरातले वडीलधारे लगेच सांगतात.

वजनाचं एक सांगायलाच हवं. गावात काही पोरं पाठीला फवारणीचा पंप बांधून सराव करतात, कारण सोळा लिटरचा पंप भरला की वजन सोळा किलोच्या वर जातं. हे अजिबात करू नका. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या पंपाच्या पट्ट्यांत, झाकणात औषध मुरलेलं असतं आणि घामेजलेल्या कातडीतून ते आत जातं. साध्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा. दोन लिटरची एक बाटली म्हणजे दोन किलो, हिशोब सोपा. चार किलोपासून सुरू करून दर पंधरवड्याला एक बाटली वाढवा, दहा किलोला थांबा. टेकडीवर गेलात तर वर पोहोचल्यावर प्यायचं ठेवून बाकीचं पाणी झाडाला ओता आणि हलक्या पाठीने उतरा. टोंगळे वाचतात.

वर्षभर एकच वेळापत्रक इथे चालत नाही. पावसाळ्यात पांदणीत पाय घातला की काळी माती बुटाला थर देत जाते, शंभर पावलांत एकेक बूट किलोभराचा होतो आणि पाऊल वाकडं पडतं. तेव्हा डांबरी रस्ता आणि ओटा बरा. गवतात साप असतात, तेही आहेच. दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणीचे दिवस येतात. दिवसभर वाकून वेचणाऱ्याला, गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्यापर्यंत नेणाऱ्याला संध्याकाळी व्यायाम कर म्हणणं हा अन्याय आहे. त्याने त्या दिवसांत आठवड्याला एकदाच दम लागेल एवढं पळावं, बाकी अंगमेहनत होतेच. मे महिन्यात सकाळी सातच्या आत सगळं संपवायचं. डोकं दुखायला लागलं, घाम येईनासा झाला, मळमळलं, की सावली, पाणी आणि विश्रांती. गडी गोंधळल्यासारखा बोलू लागला तर अंगावर पाणी ओतत थेट दवाखाना.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. भाकरी, तुरीचं वरण, जवसाची चटणी, जमलं तर अंडी आणि व्यायामानंतर मूठभर फुटाणे-गूळ. डब्यातल्या पावडरीवर पैसे घालवण्याआधी एवढं नियमित होतंय का ते बघा.

शिबिरात आपल्याला बांधून ठेवणारी खरी गोष्ट म्हणजे बाजूचा माणूस. तो उठला म्हणून आपण उठलो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मध्ये आश्रमशाळांतल्या मुलामुलींनी ऑगस्ट 2017 मध्ये तयारी सुरू केली. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असे प्रशिक्षणाचे टप्पे झाले आणि मे 2018 मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. आपल्यासारख्याच उन्हात वाढलेली ही पोरं. त्यांची तयारी एका शिबिराची नव्हती. नऊ महिने एकामागून एक टप्पे होते आणि सोबत तेच सवंगडी होते.

आपल्याला नऊ महिन्यांचं सरकारी प्रशिक्षण मिळणार नाही. पण दोन सवंगडी मिळतात. वीस जणांचा ग्रुप टिकवायचा प्रयत्न सोडा. वीस जण असले की प्रत्येकाला वाटतं बाकीचे एकोणीस जातीलच. एकाच गल्लीतले तिघं असले की एक जण दाराशी येऊन हाक मारतो आणि पांघरुणात पडून राहणं अवघड होतं. त्यातला एक जण नवखा असू द्या. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. त्यांच्या उन्हाळी वर्गांना गावोगावचे तरुण आणि शिक्षक यायचे आणि शिकलेलं आपल्या गावच्या पोरांना शिकवायचे. शिकवणाऱ्याला दांडी मारता येत नाही, हे त्यातलं गमक. शिबिरातून आलेल्या पोराने शाळेच्या मैदानावर पाच मुलांना आठवड्यातून एकदा बैठका शिकवल्या तर त्या पाचांचं होईल ते होईल, त्याचा स्वतःचा वार चुकणार नाही.

महिन्यातून एकदा मोजमाप घ्या. रस्त्यावरचे दोन ठरलेले खांब, मधलं अंतर दोन-अडीच किलोमीटर, आणि घड्याळ. मागच्या महिन्याइतकाच वेळ लागला तरी टिकवलं म्हणायचं. सकाळी उठल्या-उठल्या अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त लागले की त्या दिवशी आराम. ताप अंगात असताना पळणारे मी पाहिलेत, त्यात बहादुरी नाही.

आणि पुढचा डोंगर आजच ठरवा, तारखेसकट. जवळचा हवा असेल तर माहूर आहे, गडचांदूरच्या पुढे माणिकगड आहे (तोही जंगलात, तेव्हा तिथले नियम विचारून, दिवसाउजेडी आणि सगळे मिळून). डिसेंबर-जानेवारीत सह्याद्री गाठायचा असेल तर तिकिटं आत्ता काढा. शिबिर संपून तीन आठवडे झाले नसतील तर तुमचा दम अजून बराचसा तुमच्याकडेच आहे. आज संध्याकाळी टेप घेऊन ओटा मोजा आणि गल्लीतल्या दोघांना सांगा, रविवारी सहाला हाक मारायला येतो म्हणून.