संस्थेच्या दप्तराचा निचरा

चोपण जमिनींत खत कितीहि घातलें तरी पाण्याचा निचरा झाल्यावांचून पीक धरत नाहीं, हें आपणां शेतकऱ्यांस सांगावयास नको. संस्थेच्या दप्तराचीहि गोष्ट तशीच आहे. काम तुंबलें म्हणजे आपण आणखी एक कारकून नेमतों, किंवा संगणक घेतों. परंतु कागद नेमका कोठें तुंबतो हें कोणी पाहत नाहीं.

महसूल खात्यांत या बाबतींत एक मोठा प्रयोग होऊन गेला. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत श्री. अनिलकुमार लखिना हे त्या वेळच्या अहमदनगर (हल्लींच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचे कलेक्टर असतां त्यांनीं कचेरीची मांडणी व दप्तराची व्यवस्था मुळापासून बदलली. त्यास 'लखिना पॅटर्न' म्हणतात. महाराष्ट्रांतील सरकारी कचेऱ्यांतून सहा गठ्ठ्यांची जी पद्धत आहे ती याच विचाराची होय. पहिल्या गठ्ठ्यांत आपण स्वतः निकालांत काढावयाचीं प्रकरणें. दुसऱ्यांत ज्यांचें उत्तर दुसऱ्याकडून यावयाचें तीं. तिसऱ्यांत ठराविक मुदतीचीं पत्रकें. चौथ्यांत कायमचे हुकूम. पांचव्यांत अभिलेख कक्षांत पाठवावयाचीं निकाली प्रकरणें. व सहाव्यांत नाश करावयाचे कागद. खरी मेख पहिल्या दोन गठ्ठ्यांच्या भेदांत आहे.

माझ्याच हातून १९९८ सालीं झालेली चूक सांगतों. एका विधवेचा वारसनोंदीचा अर्ज माझ्याकडे आला. मीं तलाठ्याचा अहवाल मागविला व अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यांत टाकला. अहवाल आठ दिवसांत आला, आवक नोंदवहींत चढलाहि. पण मूळ प्रकरणास लावावयाचा राहिला. बाई तीन वेळां येऊन गेली, आणि तिन्ही वेळां मीं गठ्ठा न सोडतांच "अहवाल यावयाचा आहे" असें सांगितलें. सात-बारावर मयत नवऱ्याचेंच नांव राहिल्यानें त्या पेरणीस तिला सोसायटीचें कर्ज मिळालें नाहीं. हरकतीसाठीं कायद्याची मुदत १५ दिवसांची. तिला चार महिने लागले. वरचे दिवस कायद्याचे नव्हते, माझे होते. पुढें दर सोमवारीं दुसरा गठ्ठा सोडून पाहण्याचा नेम मीं निवृत्तीपर्यंत मोडला नाहीं.

आतां सोसायटीकडे वळूं. पीककर्जाचा एकच अर्ज घ्यावा व त्यास एक चिठ्ठी टांचावी. ज्याच्या हातीं तो जाईल त्यानें मिळाल्याची व पुढें दिल्याची तारीख तींत लिहावी. बहुतेक ठिकाणीं असें आढळेल कीं, हाताचें काम तासा-दोन तासांचें व पडून राहणें आठवड्यांचें. पंचांची बैठक महिन्यांतून एकदां असेल, तर एक दिवस उशिरां आलेला अर्ज महिनाभर थांबतो. मृग कांहीं थांबत नाहीं. आठ-अ चा उतारा नसल्यास तो अर्ज बैठकींतून परत येतो, व पुन्हां महिना जातो. तेव्हां कागद पुरे आहेत कीं नाहींत हें अर्ज घेतांनाच सभासदासमोर पाहावें, आणि खरिपाच्या तोंडावर बैठक पंधरवड्यास भरवावी. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा २०१८ पासून मिळतो. तरी शिक्क्याच्या नकलेसाठीं सभासदास तलाठ्याकडे पिटाळणारे चिटणीस मीं पाहिले आहेत! मात्र घाईच्या भरांत धनादेशावरील दुसरी सही किंवा जामीनदाराची चौकशी वगळूं नये. तो उशीर पैशाच्या राखणीचा आहे.

चिठ्ठी कारकुनास पकडण्याकरितां लाविली असा समज झाला कीं तारखा खोट्या पडूं लागतात. म्हणून पहिल्या खेपेस चेअरमननेंच आपल्या टेबलावर अर्ज किती दिवस पडला तें सर्वांदेखत लिहावें.