आधी गिऱ्हाईक, मग स्टेज

"सर, प्रदर्शनात स्टॉल घेतला की धंदा चालेल ना?" सोलापुरात हा प्रश्न हमखास येतो. उत्तरासाठी टीव्हीवरचा एक प्रसंग आठवा.

पुण्याच्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन 'बिग बॉस 16' मध्ये होता. घरात तो बराचसा गप्पच. मध्येच शो सोडायची भाषा करायचा. मग 2022 संपता संपता त्या घरातच रॅपचा लाइव्ह कार्यक्रम झाला. सोबत इक्का आणि सीधे मौत, समोर खरं पब्लिक. माईक हातात आला आणि हा गडी वेगळाच दिसला! पुढे 12 फेब्रुवारी 2023 ला अमरावतीच्या शिव ठाकरेला मागे टाकून त्यानं ट्रॉफी जिंकली.

हे चाहते त्याला टीव्हीनं दिले का? नाही. त्याचा 'तडीपार' अल्बम 2020 चा. आपल्या गल्लीच्या बोलीत गाऊन त्यानं माणसं आधीच जोडली होती. टीव्हीनं ती सगळ्यांना दाखवली, एवढंच.

आता तुमचं बघा. शेंगा चटणी करताय? साठवलेले पैसे स्टॉलच्या भाड्यात घालण्याआधी ओळखीच्या दहा घरांत विका. बोला आपल्या सोलापुरी भाषेत, पुण्या-मुंबईची नक्कल नको. दुसऱ्यांदा मागायला कोण आलं, ते वहीत लिहा. कुणीच नाही? मग आधी चटणी सुधारा. नाहीतर स्टॉलचं भाडं पाण्यात.

गृहपाठ: दहा घरं, पंधरा दिवस, एक वही. आजच सुरू करा की!