गाय का उलटते?

गाय माजावर आली. आपण डॉक्टरांना बोलावले, रेतन करून घेतले. आता नऊ महिन्यांनी गोठ्यात वासरू येणार, असे मनात धरले. पण २१ दिवसांनी गाय पुन्हा हंबरू लागली, सोट टाकू लागली. म्हणजे गाय उलटली.

एकदा उलटली तर माणूस फारसे मनावर घेत नाही. तीनदा उलटली की पोटात गोळा येतो. हिशेब करून पाहा. तीन वेळा एकवीस म्हणजे ६३ दिवस. दोन महिने गाय खात राहिली, दूध आटत चालले, आणि पुढच्या वेताचा पत्ता नाही. मग शेजारी सांगतो, वांझ आहे, बाजार दाखवा. कोणी म्हणतो, नजर लागली. कोणी रेतन करणाऱ्याच्या नावाने बोटे मोडतो.

बाजार दाखवण्याआधी त्या पहिल्या दिवसांत गाईच्या पोटात काय चालते ते आपण समजून घेऊ. ते कळले म्हणजे दोष कोठे शोधावा हेही कळते.

आपल्या जिल्ह्यात पुष्कळ गाई-म्हशी कृत्रिम रेतनाने भरवतात. शहागंजापासून फार लांब नाही, हर्सूलला गोठित रेतन प्रयोगशाळा आहे. वळूचे वीर्य बारीक नळीत भरतात आणि उणे १९६ अंश इतक्या थंडीत ठेवतात. ते वर्षानुवर्षे टिकते. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा नियम तुम्हांला ठाऊकच आहे.

वेळ साधली तर बीज फळते. चार-पाच दिवसांनी तो गर्भ गर्भाशयात उतरतो. तेव्हा तो इतका बारीक असतो की मोहरीचा दाणा त्याच्यापुढे डोंगर वाटावा. तो अजून कोठे चिकटलेला नसतो. सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास तो आईच्या शरीराला एक निरोप धाडतो. निरोप एवढाच, की मी आहे, आता माजावर येऊ नकोस. हा निरोप पोचला तर गाय माजावर येत नाही. गर्भ दुबळा असला आणि निरोप गेलाच नाही, तर गाईच्या शरीराला वाटते की पोटात काही नाही. एकविसाव्या दिवशी माज ठरलेला.

म्हणजे बघा, उलटलेली प्रत्येक गाय रिकामीच राहिली होती असे नाही. शास्त्रज्ञांनी दुभत्या गाई तपासल्या तेव्हा दिसले की बीज पुष्कळदा फळते, पण फळलेल्या गर्भांपैकी कितीतरी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मरून विरघळून जातात. सहाव्या महिन्यात गाय गाभडली तर सारा वाडा गोळा होतो. हे नुकसान मात्र कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. गर्भ आला कधी, गेला कधी, मालकाला पत्ता नाही.

असे होण्याची कारणे अनेक आहेत. रेतनाची वेळ चुकते. मागच्या वेताला वार अडकून गर्भाशयात पू झालेला असतो. खुराक कमी पडतो. आज आम्ही मुख्यतः एका वेगळ्या गोष्टीविषयी सांगणार आहोत, कारण तिच्याविषयी गोठ्यात कोणी बोलत नाही. ही गोष्ट गाईच्या गळ्यात आहे.

गळ्यात, श्वासनळीला लागून, एक लहानशी ग्रंथी असते. तिला थायरॉइड म्हणतात. पुस्तकी मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. ती माणसालाही असते. ही ग्रंथी एक रस तयार करून रक्तात सोडते. अशा रसाला संप्रेरक म्हणतात. लोहाराचा भाता तुम्ही पाहिला आहे. भाता जोरात चालला तर विस्तव फुलतो, मंद चालला तर विस्तवावर राख धरते. शरीरात अन्नाचा जो विस्तव जळतो त्याचा भाता म्हणजे ही ग्रंथी. खाल्लेल्या चाऱ्याचे बळ किती वेगाने वापरायचे ते तिच्या रसावर ठरते. अंडाशय आणि गर्भाशय यांच्यावरही या रसाचा परिणाम होतो. रस कमी पडला तर माज मुका राहतो, म्हणजे गाय माजावर असते पण हंबरत नाही, आणि मालकाला तो दिसतच नाही. गर्भ टिकण्याचे कामही ढिले पडू शकते. पोटातल्या वासराची स्वतःची ग्रंथी पहिले काही आठवडे तयार झालेली नसते. तोवर त्याला आईच्याच रसावर भागवावे लागते.

हा रस १९१४ साली अमेरिकेत केंडाल नावाच्या शास्त्रज्ञाने प्रथम शुद्ध रूपात वेगळा काढला. त्याच्या प्रत्येक कणात आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन मिळाले नाही तर रस तयार होत नाही. गूळ नाही तर पुरणपोळी कशी होणार? आयोडीन मूळचे समुद्राचे. पावसाने धुपलेल्या जमिनीत ते कमी असते, म्हणून चाऱ्यातही कमी उतरते. हिमालयाच्या पायथ्याच्या कांग्रा खोऱ्यात माणसांना मोठमोठे गळगंड होत. तेथे १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सोबत्यांनी मिठात आयोडीन घालून पाहिले आणि गळगंड कमी झाले. गाईलाही तोच न्याय आहे. फार कमतरता असली तर वासरू मेलेले किंवा अशक्त जन्मते, अंगावर केस विरळ असतात, गळा सुजलेला असतो. असे वासरू एकदा जन्मले तरी डॉक्टरांना जरूर दाखवा.

आता शहागंजच्या बाजाराकडे येऊ. मंडईत कोबी आणि फुलकोबीचा पाला पडून राहतो. गोठेवाले तो पोत्यांत भरून नेतात. एका गवळीदादांशी आमचे जे बोलणे झाले ते येथे देतो.

ते म्हणाले, "गुरुजी, पाला फुकटचा हाय. गाय बी आवडीनं खाती. त्यात काय वाईट?"

आम्ही म्हणालो, "वाईट काही नाही, दादा. किती घालता ते सांगा."

"पोतं येतं तवा पोतंभर. बाजार भरला की दुसरं काही लागतच नाही."

"मग थोडं जास्त होतंय. कोबीच्या जातीच्या पाल्यात असा पदार्थ असतो की तो या ग्रंथीला आयोडीन वापरू देत नाही. चार पानं खाल्ली तर काही होत नाही. रोज पोटभर तेच, आणि वर आयोडीनही नाही, तर भाता मंद पडतो."

"म्हंजे पाला बंदच करू का?"

"बंद नको. कडब्याच्या कुट्टीत मिसळून थोडा घाला. गाय नुकती भरवली असेल तर पहिले दोन-तीन महिने आणखी कमी. आणि धार काढायच्या आधी तर घालूच नका, दुधाला वास येतो."

दादा हसले. वासाची गोष्ट त्यांना आधीच ठाऊक होती. दुधाचे गिऱ्हाईक ती रोज सांगत असणार!

कोबीसारखेच कच्च्या सोयाबीनचे आहे. कोवळ्या ज्वारीचेही तसेच. पावसाने ताण दिला आणि ज्वारी खुरटली की जनावराला किराळ लागते, हे मराठवाड्यात पोरालाही माहीत आहे. ते विष जास्त गेले तर जनावर तडकाफडकी मरते. थोडे थोडे गेले तर शरीर त्याचा दुसरा पदार्थ बनवते, आणि तो पदार्थ ग्रंथीकडे जाणारे आयोडीन अडवतो.

भाता मंद पडण्याची आणखी दोन कारणे आहेत, आणि आमच्या मते आपल्याकडे तीच जास्त महत्त्वाची. पहिले म्हणजे भूक. व्यायलेली गाय पहिले दोन महिने जेवढे खाते त्याहून जास्त दुधातून देते. उरलेले स्वतःच्या अंगातून काढते. शरीर मग शहाणपणाने विस्तव मंद करते आणि रस कमी सोडते. ही बचत आहे, रोग नव्हे. पण याच दिवसांत आपण गाय भरवू पाहतो. पाठीचा कणा आणि माकडहाडे वर आलेली गाय भरवून उपयोग थोडा. आधी पेंड, भरडा आणि हिरवा चारा द्या, अंग भरू लागू द्या. दुसरे कारण ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली बांधलेली गाय आतून पेटलेली असते. अंगातली उष्णता आणखी वाढू नये म्हणून ग्रंथी रस कमी करते. उन्हाचा मार गर्भालाही वेगळा बसतो. पत्र्यावर कडबा टाका, दुपारी अंगावर पाणी मारा, पाणी पुढ्यात भरपूर ठेवा. याला खर्च किती येतो? जवळजवळ काहीच नाही.

एका मावशींनी आम्हांला विचारले, "गुरुजी, मला थायरॉइडची गोळी चालू आहे. तीच गाईला दिली तर?" मावशी, देऊ नका. तुमची गोळी तुमच्या वजनाला आणि तुमच्या रक्ताच्या तपासणीवरून ठरवली आहे. गाईचे रक्त तपासल्याशिवाय तिचा रस कमी आहे की नाही हे कोणीही सांगू शकत नाही. गाय दोनदा उलटली तरी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, गर्भाशय तपासून घ्या. तिसऱ्यांदा उलटेपर्यंत थांबू नका.

आपण स्वतः करू शकतो अशी गोष्ट मिठाची. २००६ सालापासून आपल्या देशात माणसांच्या खाण्यासाठी विकायच्या मिठात आयोडीन असलेच पाहिजे असा नियम आहे. पण जनावरांसाठी विकल्या जाणाऱ्या मिठाला त्यातून सूट आहे. म्हणजे घरात आपण आयोडीनचे मीठ खातो आणि गोठ्यात, स्वस्त पडते म्हणून, बिनआयोडीनचे खडेमीठ टाकतो. दुभत्या गाईला रोज साधारण ३० ग्रॅम मीठ आणि ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणात द्यावे. मीठ आयोडीनचे घ्यावे. ते उघड्यावर किंवा उन्हात ठेवू नये, ओल लागू देऊ नये, आयोडीन उडून जाते. झाकणाच्या बरणीत ठेवा. आणि जास्त दिले तर जास्त गुण येईल असे समजू नका. आयोडीन अति झाले तर गाईच्या डोळ्यांतून पाणी गळते, खोकला लागतो, आणि ते दुधातही उतरते.

तुम्ही आता लिहू लागला आहात. त्याचा उपयोग गोठ्यात करा. एक वही घ्या. गाईचे नाव, माजाची तारीख, रेतनाची तारीख, एवढे लिहा. समजा ३ जूनला रेतन झाले. त्यात २१ मिळवा, २४ जून येतो. त्या तारखेभोवती दोन-तीन दिवस पहाटे आणि रात्री गाईवर नजर ठेवा. ती २४ जूनच्या आसपास उलटली तर बीज फळले नाही, किंवा गर्भ अगदी सुरुवातीला गेला. पण ती जुलैच्या ५ किंवा ८ तारखेला उलटली तर गोष्ट वेगळी. कदाचित मधला माज तुमच्या नजरेतून सुटला असेल किंवा अवेळी आला असेल. पण पहारा नीट ठेवला होता आणि माज दिसला नव्हता, तर बहुधा गर्भ राहिला होता, निरोपही गेला होता, आणि नंतर तो मेला. डॉक्टरांपुढे वही उघडा. तोंडी सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा या दोन तारखांवरून त्यांना जास्त कळेल. गाय उलटली नाही तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून गाभण असल्याची खात्री करून घ्या आणि तीही तारीख लिहा.

खनिज मिश्रणाची पिशवी विकत घेताना दुकानातच ती उलटी करून पाहा. मागे घटकांची यादी छापलेली असते. कॅल्शियम, फॉस्फरस, तांबे, जस्त अशी नावे असतील. त्यांत 'आ' पासून सुरू होणारा चार अक्षरांचा शब्द शोधा. आ, यो, डी, न. यादी इंग्रजीत असेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या. शब्द सापडला नाही तर पिशवी परत ठेवा आणि दुसरी मागा.