भाकीत सगळ्यांचे, मजकूर तुमचा

प्रश्न : आम्ही जळगाव जामोदहून शेतीविषयक मराठी वेबसाइट चालवतो. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत, त्यावरचे आमचे स्पष्टीकरण आणि मागील वर्षांच्या भाकितांचा तक्ता त्यावर देतो. दुसऱ्या एका वेबसाइटने हा सगळा मजकूर शब्दशः उचलला आणि खाली ‘साभार’ एवढेच लिहिले. आता गुगलवर ती वर दिसते, आम्ही दुसऱ्या पानावर गेलो आणि जाहिरातीचे उत्पन्न निम्म्यावर आले. आम्ही कॉपीराइटची नोंदणी केलेली नाही. पोलिसांत जावे, वकिलाची नोटीस द्यावी की भरपाईचा दावा लावावा? – एक वाचक, जळगाव जामोद

उत्तर : तिन्ही मार्ग कायद्यात आहेत, पण तुमच्या प्रकरणात त्यांपैकी एकही पहिला नाही. आधी तुमचे नेमके काय चोरीला गेले ते ठरवा, कारण हक्क जितका नेमका मांडाल तितका तो टिकेल. ‘भेंडवळची आमची माहिती चोरली’ ही तक्रार कोणत्याही पातळीवर लंगडीच पडेल. घटमांडणीत घटाभोवती 18 धान्ये मांडतात, पावसाच्या चार महिन्यांसाठी चार ढेकळे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निरीक्षण करून वाघ घराण्यातले महाराज जमलेल्या शेतकऱ्यांपुढे भाकीत सांगतात. ते भाकीत तुम्ही केलेले नाही, तुम्ही ते ऐकले आणि कळवले. कपाशी साधारण, पाऊस लहरी, अमुक महिन्यात जास्त, हा तपशील कोणीही छापू शकतो. तुमचा आहे तो त्यावर तुम्ही लिहिलेला मजकूर. भाकीत खरे ठरले की नाही याचा इथे संबंध नाही. सपशेल चुकलेल्या भाकितावरच्या लेखालाही कॉपीराइट मिळतो.

‘पण आम्ही वर्षानुवर्षांची भाकिते गोळा केली, त्या मेहनतीला काही किंमत नाही का?’ असे तुम्ही विचाराल. 1957च्या कॉपीराइट कायद्यात तक्ते आणि संकलनेही ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत आहेत, हे खरे. मात्र निव्वळ घाम गाळला म्हणून हक्क मिळतो ही जुनी समजूत सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 2007 रोजी ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या निकालात मोडीत काढली. तिथे न्यायालयीन निकालांच्या संपादित प्रती सीडीवर उतरवल्याचा वाद होता. मूळ निकालपत्रावर प्रकाशकाचा हक्क नाही, पण परिच्छेदांची विभागणी करताना वापरलेले कौशल्य आणि विवेक त्याचा, अशी रेषा न्यायालयाने आखली. तुमचा तक्ता फक्त ‘वर्ष’ आणि ‘भाकीत’ अशा दोन रकान्यांचा असेल, तर त्यावरचा हक्क फार पातळ आहे. त्यात तुम्ही प्रत्यक्ष पडलेल्या पावसाचा रकाना जोडला असेल, पिके निवडून गटवारी केली असेल, शेरे लिहिले असतील, तर तो भक्कम होतो. स्पष्टीकरणाचा मजकूर तर निःशंक तुमचा. तुमच्या प्रकरणाच्या सर्वांत जवळचा निकाल म्हणजे हिमालया ड्रग कंपनी विरुद्ध सुमित हा दिल्ली उच्च न्यायालयाचा. औषधी वनस्पतींचे गुणधर्म ही काही कंपनीची मालमत्ता नव्हती, ते परंपरेने चालत आलेले ज्ञान होते. तरीही कंपनीने आपल्या वेबसाइटवर त्याची जी वर्णने लिहून मांडली होती ती जशीच्या तशी उचलल्याबद्दल निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

नोंदणी नसल्याची चिंता सोडा. कॉपीराइट मजकूर लिहिला जाताच निर्माण होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीसाठी 500 रुपये शुल्क भरून ती करून घेतली तर कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते, एवढेच. समोरचा ‘आम्ही चालू घडामोडीची बातमी दिली’ असे म्हणेल. कलम 52 चालू घडामोडींच्या वृत्तांकनासाठी रास्त वापराला मोकळीक देते, पण भाकिताची बातमी द्यायला तुमचे संपूर्ण स्पष्टीकरण स्वल्पविरामांसकट उतरवण्याची गरज नसते. आणि ‘साभार’? हा शब्द मराठी इंटरनेटवर गंगाजळासारखा शिंपडला जातो, जणू त्याने सगळे पवित्र होते. श्रेय देणे म्हणजे परवानगी मिळणे नव्हे. उलट, मजकूर दुसऱ्याचा आहे हे आपल्याला ठाऊक होते, अशी ती लेखी कबुली आहे. कलम 55नुसार, कॉपीराइट असल्याची कल्पना नव्हती आणि तसे समजण्यास कारणही नव्हते असे प्रतिवादीने सिद्ध केले, तर त्याच्याकडून पूर्ण भरपाई मिळत नाही. ‘साभार’ लिहिणाऱ्याला हा बचाव घेणे जड जाईल.

आता गुगलवरच्या क्रमाकडे वळू. चोरी झाली आणि क्रम घसरला, म्हणून चोरीमुळेच घसरला असे होत नाही. एकसारखा मजकूर दोन ठिकाणी दिसला की गुगल मूळ साइटला शिक्षा करते, हा समज गुगलने 2008मध्येच खोडून काढला होता. ते त्या प्रतींपैकी एक दाखवण्यासाठी निवडते, आणि निवड चुकली तर प्रत वर येते. तुमच्या बाबतीत तसे झाले का, हे तपासता येते. सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचा पत्ता टाकून गुगलने प्रमाण म्हणून कोणते पान धरले ते पाहा. घसरण फक्त उचललेल्या पानांची आहे की बाजारभाव, फवारणी अशा न उचललेल्या पानांचीही, हे बघा. सगळीच पाने खाली आली असतील तर कारण दुसरे आहे आणि समोरच्याचे पान काढून टाकूनही उत्पन्न परत येणार नाही. शिवाय तुमची वाचकसंख्या एका तिथीला बांधलेली आहे. अक्षय्य तृतीया 2024मध्ये 10 मे रोजी होती, 2025मध्ये 30 एप्रिलला. महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केली तर काही बिघडलेले नसतानाही आकडे खालीवर दिसू शकतील. तिथीपासूनचे पंधरा दिवस घ्या आणि मागच्या वर्षीच्या तिथीपासूनच्या पंधरा दिवसांशी ताडून पाहा. भरपाई मागायची तर हेच आकडे लागतील. आणखी एक साधे कारण नजरेआड करू नका. नुसते ‘जळगाव’ लिहिले तर शोधयंत्राला खानदेशातले जळगाव आधी आठवते, त्यामुळे तुमच्या मथळ्यात ‘जामोद’ आणि ‘भेंडवळ’ दोन्ही असायला हवेत.

पुरावा मात्र आजच गोळा करा, तक्रारीची कुणकुण लागताच तो नाहीसा होतो. दोन्ही पानांची संपूर्ण चित्रे पत्ता आणि तारखेसह जतन करा, त्यांचे पान वेबॅक मशीनवर साठवून घ्या, तुमच्या सर्व्हरवरची प्रकाशनाची नोंद काढून ठेवा. नुसत्या छापील प्रती कोर्टात पुरत नाहीत, हे शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या निवडणूक वादाने देशाला शिकवले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी सांगितले की मूळ उपकरणच हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. 1 जुलै 2024पासून ती तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63मध्ये आहे आणि प्रमाणपत्रात तज्ज्ञाचा भाग व फाइलचे हॅश मूल्यही लागते.

यानंतर तक्रार, आणि ती दोन ठिकाणी. गुगलच्या फॉर्मवर केलेल्या तक्रारीने ते पान शोधातून जाते, वेबसाइटवरून नाही. म्हणून होस्टिंग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. फॉर्ममध्ये प्रत्येक पानाचा पत्ता वेगळा द्या, उचललेले परिच्छेद दाखवा आणि भाकिताच्या ओळी स्वतःहून वगळा. हा अमेरिकेच्या 1998च्या कायद्याखालचा मार्ग आहे. तुम्ही शपथपूर्वक विधान करता, तक्रार जाहीर संग्रहात जाऊ शकते आणि समोरच्याने उलट नोटीस दिली तर तुम्ही कोर्टात न गेल्यास साधारण 10 ते 14 कामकाजी दिवसांत पान परत येते. आपल्याकडे कलम 52(1)(क) आणि 2013च्या कॉपीराइट नियमांनुसार, लेखी तक्रार आल्यावर मध्यस्थाने 36 तासांत प्रवेश बंद करायचा असतो, आणि 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. या मुदती पाहिल्या की तक्रारीपूर्वीच वकिलाशी बोलून ठेवणे शहाणपणाचे का, हे कळेल. ‘तक्रारीने काय होणार, दुसऱ्या दिवशी नवे पान टाकतील’ ही शंका बरोबर आहे. पण गुगलने ऑगस्ट 2012मध्ये जाहीर केले होते की एखाद्या साइटविरुद्ध आलेल्या ग्राह्य तक्रारींची संख्या तिचा क्रम ठरवताना विचारात घेतली जाईल. म्हणजे प्रत्येक नेमकी तक्रार साठत जाते. निराधार धमक्यांविरुद्ध मात्र कलम 60 समोरच्याला दाद देते, तेव्हा नोटिशीत ‘भेंडवळवर आमचाच हक्क’ असली भाषा नको.

पोलिसांचे म्हणाल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 63खाली 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केले. मार्ग खुला आहे, पण गुन्हा नोंदवल्याने शोधातला क्रम हलत नाही आणि तुमची पुढची अक्षय्य तृतीया तपासातच जाईल. दिवाणी दावा तालुक्याच्या कोर्टात नव्हे, जिल्हा न्यायालयात लावावा लागतो. कलम 62मुळे तो तुमच्या स्वतःच्या जिल्ह्यात लावता येतो, चोराच्या गावी जावे लागत नाही. मुदत उल्लंघनापासून 3 वर्षे. मागणी 3 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तो व्यापारी दावा ठरतो आणि तातडीचा मनाई हुकूम मागितलेला नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. तक्रारीनंतरही नक्कल चालू राहिली तर मनाई हुकूम मागा. तुमच्या आकाराच्या वेबसाइटला भरपाईपेक्षा तो लवकर आणि स्वस्तात उपयोगी पडेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती विचारणे भाग आहे. तो मजकूर लिहिला कोणी? पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिला असेल तर कलम 17नुसार हक्क तुमचा. पण बाहेरच्या कोणाला लेखामागे पैसे देऊन लिहून घेतला असेल आणि कागद केलेला नसेल, तर हक्क त्या लेखकाचा राहतो आणि गुगलच्या फॉर्मवर ‘मी मालक’ हे तुमचे विधानच खोटे ठरते. कलम 19प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवे. मुदत लिहिली नाही तर ते 5 वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच धरले जाते. वेबसाइट जगभर वाचली जाते, म्हणून ‘संपूर्ण जगासाठी, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द त्या कागदावर असू द्या, आणि तक्रार पाठवण्याआधी लेखकाची सही घेऊन ठेवा.