मोटारसायकलीवरील मार्गदर्शक यंत्र

उपग्रहांच्या साह्यानें मार्ग दाखविणारें जीपीएस यंत्र मोटारसायकलीवर कसें जोडावें व कसें वापरावें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

प्रथम जोडणी पाहूं. मोटारसायकलीची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. पुष्कळ यंत्रांस मात्र ५ व्होल्टच लागतात. म्हणून मध्यें व्होल्ट उतरविणारा कन्व्हर्टर घालावा. बॅटरीच्या धन टोकापासून निघणाऱ्या तारेंत, टोकाच्या अगदीं जवळ, फ्यूज बसवावा. हँडल वळतांना घासून तारेचें आवरण झिजलें व ती सांगाड्यास टेकली, तर फ्यूज वितळून प्रवाह तुटतो. फ्यूज नसल्यास तार तापून आग लागण्याचा संभव असतो. शिवाय किल्लीबरोबर चालू होणारा रिले घातल्यास गाडी उभी असतां बॅटरी उतरत नाहीं.

आतां उपयोग. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरील निदान चार उपग्रहांचे संदेश घेऊन हें यंत्र आपलें स्थान काढतें. परंतु पुढें खड्डा आहे कीं गुरें आडवीं आलीं आहेत, हें त्यास कळत नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. तितका वेळ पडद्याकडे पाहणें म्हणजे ५० मीटर डोळे मिटून जाण्यासारखेंच होय. यास्तव मुक्काम निघण्यापूर्वींच नोंदवावा, आणि मार्ग बदलणें झाल्यास गाडी कडेस थांबवूनच यंत्रास हात लावावा.