इंजिन बदललेल्या जुन्या वाहनाची किंमत : बालाघाट परिसरातील खरेदी-विक्री

वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या बालाघाट जिल्ह्यात यांत्रिक वाहन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. भरवेली, उकवा व तिरोडी येथील मँगनीजच्या खाणी, मलाजखंडची तांब्याची खाण, वारासिवनी व लांजीकडील भातशेती आणि बैहरच्या घाटातून होणारी ये-जा यांमुळे ट्रॅक्टर, जीप व मोटारसायकल यांवाचून येथील व्यवहार अडतात. नवे वाहन घेण्याची ऐपत सर्वांचीच नसते. सबब जुन्या वाहनांची खरेदी-विक्री होते व ती जिल्ह्यापुरती न राहता गोंदिया, भंडारा व नागपूरपर्यंत पोहोचते. १९५६ पर्यंत बालाघाट व नागपूर एकाच राज्यात होते. पुढे राज्ये निराळी झाली, तरी बाजाराची वाट फारशी बदलली नाही.

या व्यवहारात एक वाद वारंवार उद्भवतो. मूळ इंजिन निकामी झाल्यामुळे दुसरे बसविलेले वाहन विकावयास काढले, तर त्याची किंमत वाढावयास हवी की घटावयास? विकणारा म्हणतो, इंजिन नवे आहे, त्याचा खर्च भरून मिळावा. घेणारा म्हणतो, मूळ इंजिन राहिले नाही, भाव उतरवावा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. परंतु निकाल बहुधा इंजिनच्या गुणावर लागत नाही; तो लागतो इंजिनवर कोरलेल्या क्रमांकावर.

हे नीट समजण्यासाठी गॅरेजमधील कामाचे दोन प्रकार लक्षात घ्यावयास हवेत. पिस्टन, रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह बदलून इंजिन पुन्हा बांधले जाते, तेव्हा मूळ ठोकळा कायम राहतो आणि त्यावरील क्रमांकही कायम राहतो. चिखलणीच्या हंगामात दिवसरात्र राबलेल्या किंवा खाणीच्या रस्त्यावरील धूळ एअर फिल्टरमधून आत ओढलेल्या इंजिनला हे काम केव्हातरी करावेच लागते. त्यायोगे वाहनाची ओळख बदलत नाही. मात्र ठोकळ्यालाच तडा गेला, अथवा क्रँकशाफ्ट तुटून ठोकळा फुटला, तर ठोकळा किंवा संपूर्ण इंजिन बदलले जाते. मोटारसायकलच्या बाबतीत क्रमांक क्रँककेसवर असतो. म्हणून सिलिंडर बदलला तरी क्रमांक राहतो, क्रँककेस बदलली की तो जातो. नोंदणी पुस्तकात मात्र जुनाच क्रमांक लिहिलेला असतो. येथून अडचणीस प्रारंभ होतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ या विषयाशी संबंधित आहे. उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजीच्या निकालात ही बाब अधिक स्पष्ट केली. बदल नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविण्यासाठी कायद्याने १४ दिवसांची मुदत घातली आहे. वाहन भाडे-खरेदी करारावर असल्यास नोंदणीकृत मालकाची लेखी संमती लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन बसवून त्याची रीतसर नोंद करून घेणे ही एक गोष्ट. हाती लागेल ते इंजिन बसवून मोकळे होणे ही सर्वस्वी दुसरी. गॅरेजमध्ये दोन्हींना एकच नाव आहे, ‘इंजिन बदलले’.

किंमतीवर याचा परिणाम कसा होतो, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहता येईल. समजा, लांजीकडील एका शेतकऱ्याचा जुना ट्रॅक्टर चालू स्थितीत २,००,००० रुपयांस विकला गेला असता. इंजिन फुटले. बंद स्थितीत त्याला १,१०,००० रुपये मिळू शकतात. त्याच बनावटीचे इंजिन मजुरीसह ८०,००० रुपयांत बसले, बिल मिळाले व नोंद झाली, तर घेणारा कदाचित २,१०,००० रुपये देईल. म्हणजे ८०,००० रुपये घालून बंद ट्रॅक्टरची किंमत १,००,००० रुपयांनी वाढली व शेतकऱ्यास २०,००० रुपये लाभले. पण मुळात ट्रॅक्टर २,००,००० रुपयांचा होता, हे विसरता कामा नये. नव्या इंजिनने त्यात अवघी १०,००० रुपयांची भर घातली. आता हेच इंजिन बिलाशिवाय व नोंदीशिवाय बसविले असे धरू. जाणकार ग्राहक १,३०,००० रुपयांवर जाणार नाही. त्यातून ८०,००० वजा जाता ५०,००० रुपये उरतात. बंद पडलेला ट्रॅक्टर तसाच विकला असता तरी याहून ६०,००० रुपये अधिक मिळाले असते. शिक्षकांनी सातवी-आठवीच्या वर्गात नफा-तोट्याचे उदाहरण म्हणून हा हिशेब घालावयास हरकत नाही. शेतकऱ्यांच्या मुलांना तो व्याजाच्या गणिताहून लवकर समजेल.

वेगवान वाहनांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच ठळकपणे दिसते. परदेशी बनावटीच्या स्पोर्ट्स मोटारी या भागात विरळाच. येथील तरुणांची स्पोर्ट्स मोटार म्हणजे यामाहा आरएक्स १००. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८५ ते १९९६ या काळात तयार केलेली ही ९८ घनसेंटिमीटरची, दोन फटक्यांची, अकरा अश्वशक्तीची गाडी वजनाने हलकी असल्याने झटक्यात वेग घेत असे. तिच्या आधी १९८३ मध्ये त्याच कंपनीची राजदूत ३५० आली होती. तिला ३४७ घनसेंटिमीटरचे जुळे सिलिंडर होते. त्या काळी महाग व पेट्रोलखाऊ म्हणून ती फारशी खपली नाही. आज दोहोंना चांगली मागणी आहे. मात्र आरएक्स १०० च्या चौकटीत आरएक्स १३५ चे १३२ घनसेंटिमीटरचे इंजिन थोड्या खटपटीने बसते आणि अशा गाड्या बाजारात येतात. चालविण्यास ती मूळ गाडीपेक्षा चपळ असेलही. तथापि पुस्तकात घनक्षमता एक, इंजिनची दुसरी. क्रमांकही जुळत नाही. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते व पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आरएक्स १०० ची सर्वांत नवी गाडीही ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेली आहे. नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडली की तरुणाच्या हाती उरतो तो सुट्या भागांचा ढीग, आणि पैसे घेणारा तोवर दिसेनासा झालेला असतो.

जीपचा इतिहास याहून मजेशीर आहे. महिंद्रच्या जुन्या जीपला ‘हरिकेन’ नावाचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असे. पेट्रोल महागले तसे अनेक मालकांनी ते काढून डिझेल इंजिन बसविले. त्या वेळी अशा जीपला अधिक भाव येई, कारण घेणारा मैलाचा खर्च पाहत असे. आता जुन्या जीपचा शौकीन नेमका पाण्याच्या पंपाजवळील ठोकळ्यावरचा मूळ क्रमांक शोधतो. ज्याने चाळीस वर्षांपूर्वी शहाणपणाने इंजिन बदलले, त्याच्या नातवाला आज कमी किंमत मिळते.

शासनाच्या नियमांतही हा भेद उतरला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने ‘व्हिंटेज’ वाहनांसंबंधी नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेले, मूळ स्वरूपात जतन केलेले आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत फेरफार न झालेले वाहनच त्यात बसते. परदेशांतही हाच अनुभव आहे. पोर्शे ९११ ची १९७३ सालची कॅरेरा आरएस मूळ इंजिनसह असेल तर तिला मिळणारी किंमत परके इंजिन बसविलेल्या गाडीला मिळत नाही. त्याच कंपनीच्या १९९७ नंतरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनच्या गाड्यांची गोष्ट मात्र उलट. त्यांतील मधल्या शाफ्टचे बेअरिंग तुटून संपूर्ण इंजिन निकामी होण्याचे प्रकार घडले. म्हणून कारखान्यातून आलेले बदली इंजिन व त्याची कागदपत्रे असली तर ग्राहक निर्धास्तपणे पुढे येतो. संग्राहकाला जुने हवे असते, चालविणाऱ्याला भरवशाचे. मात्र कागद दोघांनाही लागतो.

खरेदीपूर्वी चासी व इंजिन यांवरील क्रमांक पुसून, पेन्सिल घासून कागदावर छाप घ्यावा आणि तो पुस्तकाशी अंकागणिक ताडून पाहावा. अंक विषम खोलीचे, वाकडे अथवा कानशीने घासलेले दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरोच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर वाहन चोरीचे आहे किंवा कसे, हे क्रमांकावरून तपासता येते. दुसरे इंजिन कोणत्या वाहनातून निघाले, हेही विचारावे; कारण चोरीच्या गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत घालणे हा जुना मार्ग आहे, व त्याचा जाब प्रथम नव्या मालकाला द्यावा लागतो. विमा कंपनीही दाव्याच्या वेळी हेच क्रमांक पाहते.

बालाघाटचे, म्हणजे एमपी ५० क्रमांकाचे वाहन रजेगावची हद्द ओलांडून गोंदियात कायमचे जावयाचे असेल, तर बालाघाटच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि बारा महिन्यांहून अधिक वास्तव्य झाल्यास एमएच ३५ ची नवी नोंदणी करावी लागते. हस्तांतरणाची सूचना विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, राज्याबाहेर ४५ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाची असते. इंजिनची नोंद राहून गेली असेल, तर ती ना हरकत प्रमाणपत्र मागण्यापूर्वीच करून घेणे सोयीचे. हद्द ओलांडल्यावर दोन राज्यांच्या कार्यालयांत खेटे घालावे लागतात.

काढलेले मूळ इंजिन भंगारवाल्यास किलोच्या भावाने देण्याची घाई करू नये. ते तेल लावून, गोणपाटात बांधून, कोरड्या जागी ठेवले आणि पुढे वाहनासोबत दिले, तर आरएक्स १०० किंवा जुन्या जीपचा ग्राहक त्यासाठी निराळे पैसे मोजावयास तयार होतो.